यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी हृदयशस्त्रक्रिया : स्वरूप, तंत्र आणि मर्यादा

प्रस्तावना

'रोबोट' हा शब्द जगाला दिला तो चेक भाषेने. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात तो प्रथम वापरला गेला. चेक भाषेतील 'रोबोटा' या मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगारी, म्हणजे धन्यासाठी सक्तीने करावे लागणारे श्रम असा आहे. नाटकातील हे कृत्रिम वेठबिगार पुढे धन्यावरच उलटतात. तेव्हापासून रोबोट म्हणजे स्वतः विचार करणारे, स्वतः निर्णय घेणारे आणि कदाचित आपल्या हाताबाहेर जाणारे यंत्र, अशी प्रतिमा लोकमानसात रुजली. 'यंत्रमानव' हा आपला मराठी पर्याय तर या प्रतिमेत प्रत्यक्ष मानवाचीच भर घालतो. त्यामुळे 'रोबोटने केली हृदयाची शस्त्रक्रिया' असा मथळा वृत्तपत्रात आला की, 'मग डॉक्टर काय करतात?' हा प्रश्न प्राध्यापक कक्षातील सुशिक्षित सहकारीही विचारतात. प्रश्न विचारणाऱ्याचा यात दोष नाही. हा गोंधळ त्या शब्दानेच निर्माण केलेला आहे.

प्रस्तुत लेखात सदर यंत्र नेमके काय करते, त्याचा लाभ कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे वैद्यकेतर वाचकासाठी मांडण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे यंत्राच्या रचनेकडे थोडे अधिक लक्ष दिले गेले आहे. प्रारंभीच एक प्रतिपादन नोंदविणे इष्ट ठरेल. या यंत्रामुळे बदलतो तो हृदयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. हृदयावर करावयाचे काम पूर्वीचेच राहते. झडप दुरुस्त करावयाची असेल तर ती तितकीच निर्दोष दुरुस्त झाली पाहिजे आणि धमनी जोडावयाची असेल तर ती तितकीच काळ टिकली पाहिजे. मार्ग बदलल्याचा आनंद या कसोटीनंतरचा आहे. रुग्णाचे कुटुंब जेव्हा रुग्णालयात संमतिपत्रावर सही करण्यास बसते, तेव्हा नेमका हा क्रम उलटा होण्याची शक्यता असते, म्हणून हा विषय केवळ तांत्रिक कुतूहलाचा राहत नाही.

उरोस्थी आणि तिच्या मागचे हृदय

हृदय बरगड्यांच्या पिंजऱ्यात, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या सपाट हाडाच्या मागे असते. निसर्गाने ते सुरक्षित ठेवले आणि शल्यविशारदासाठी मात्र दुर्गम केले. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन यांनी १८९६ मध्ये भोसकलेल्या एका तरुणाच्या हृदयाची जखम टाके घालून शिवली. तोपर्यंत हृदयाला सुई लावणे हे वैद्यकाच्या मर्यादेबाहेरचे मानले जात होते. हृदय थांबवून ते उघडावयाचे तर तेवढा वेळ रक्ताभिसरण आणि श्वसन दुसऱ्या कोणी तरी चालविले पाहिजे. ही अडचण दूर केली ती जॉन गिबन यांच्या हृदय-फुफ्फुस यंत्राने. दि. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी या यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील पडद्याचे छिद्र यशस्वीपणे बंद केले. त्यानंतरची प्रगती वेगवान आहे. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपण केले, ते केपटाऊनच्या पहिल्या हृदयारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. रुग्ण काही तासच जगला. परंतु त्या काळी ही शस्त्रक्रिया हाती घेण्याइतके सामर्थ्य जगातील मोजक्याच रुग्णालयांत होते.

या सर्व प्रगतीत हृदयाकडे जाण्याचा राजमार्ग एकच राहिला. गळ्याच्या खालच्या खोबणीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीचा उभा छेद घ्यावयाचा, उरोस्थी करवतीने मधोमध कापावयाची, दोन्ही बाजू फाकवावयाच्या आणि काम झाल्यावर पोलादी तारेने त्या पुन्हा बांधावयाच्या. हा मार्ग क्रूर वाटला तरी अतिशय उपयुक्त आहे. शल्यविशारदास हृदय आणि महाधमनी समोर दिसतात, दोन्ही हात आत जातात आणि काही बिघडले तर क्षणात सावरता येते. किंमत मोजावी लागते ती नंतर. हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात वजन उचलणे, वाहन चालविणे, कुशीवर वळणे यांवर बंधने येतात. थोड्या रुग्णांत, आणि मधुमेही रुग्णांत अधिक प्रमाणात, उरोस्थीच्या जखमेत खोलवर जंतुसंसर्ग होतो. तो झाला तर प्रकरण गंभीर होते.

हे हाड न कापता बरगड्यांच्या मधल्या फटीतून हृदयाकडे जावे, हा विचार म्हणूनच जुना आहे. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ साली डाव्या बरगड्यांमधून, धडधडत्या हृदयावर धमनीजोडणी केली होती. १९९० च्या दशकात दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढणे सर्वत्र रूढ झाल्यावर, हाच मार्ग हृदयासाठी का नको, असा प्रश्न पुन्हा उभा राहिला. उत्तर मनगटात होते.

मनगटाची समस्या

पोटाच्या वा छातीच्या भिंतीतील लहान छिद्रातून लांब दांड्याचे उपकरण आत घातले की ते छिद्र तरफेच्या टेकूसारखे काम करते. हात डावीकडे नेला तर उपकरणाचे टोक उजवीकडे जाते, हात वर नेला तर टोक खाली जाते. शिवाय उपकरणाच्या हालचाली मर्यादित होतात : आत-बाहेर, वर-खाली, डावे-उजवे आणि स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे, अशा चारच. चिमटा मिटणे-उघडणे ही पाचवी. टोकाशी मनगट नसते. आपण सुईत दोरा ओवताना किंवा शर्टाचे बटण लावताना मनगट किती वळवितो याकडे आपले लक्ष नसते. परंतु मनगटाला लाकडी पट्टी बांधून हेच काम करून पाहावे म्हणजे अडचण कळते. पित्ताशय काढताना मुख्यतः कापणे, ओढणे आणि क्लिप लावणे असते, ते मनगटाशिवाय निभते. हृदयावर मात्र शिवावे लागते, आणि तेही दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या धमनीवर, केसाहून बारीक धाग्याने.

यावरचा उपाय शस्त्रक्रियागृहात न सापडता दुसरीकडे सापडला. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी दूरहस्त विकसित केले होते. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस एक मूठ हलवितो आणि पलीकडे यांत्रिक हात तीच हालचाल करतो. पुढे कॅलिफोर्नियातील एस.आर.आय. या संशोधन संस्थेत, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठबळाने, रणभूमीवरील जखमी सैनिकावर दूरवरच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करावी या हेतूने याच तत्त्वावर काम झाले. रणभूमीवर ते कधी फारसे पोहोचले नाही. परंतु १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंट्यूटिव्ह सर्जिकल या कंपनीने ते तंत्र घेतले आणि त्यातून 'दा विंची' हे यंत्र घडविले.

दा विंची यंत्राचे तीन भाग असतात. रुग्णापासून काही हात अंतरावर एक आसन आणि दृश्यकक्ष असतो. शल्यविशारद तेथे बसून डोके आत टेकवितो, त्याला छातीच्या आतील दृश्य सुमारे दहापट मोठे आणि दोन भिंगांमुळे खोलीसह दिसते. त्याच्या हातांत दोन मुठी असतात, पायांशी पट्ट्या. दुसरा भाग रुग्णाच्या शेजारी उभा असतो : तीन किंवा चार यांत्रिक भुजा, एकीवर कॅमेरा, बाकीच्यांवर सुमारे आठ मिलिमीटर जाडीची उपकरणे. तिसरा भाग प्रतिमा आणि संकेत हाताळणारा मनोरा. शल्यविशारदाच्या मुठीची स्थिती यंत्र सतत मोजते आणि त्याप्रमाणे भुजेतील मोटारी व बारीक तारा उपकरणाचे टोक हलवितात. टोकाशी दोन सांधे असल्यामुळे तेथे खरोखर मनगट निर्माण होते. चारच्या जागी सहा हालचाली आणि चिमटा धरून सात. टेकूमुळे होणारी उलटापालट संगणक आधीच हिशेबात घेतो, म्हणून हात डावीकडे नेला की टोकही डावीकडेच जाते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात दोन गोष्टी विशेष आवडाव्यात. पहिली, भुजेची रचना अशी असते की ती कशीही हलली तरी तिच्यावरील एक बिंदू अवकाशात स्थिर राहतो आणि तो बिंदू नेमका छातीच्या भिंतीत येईल असे तिला उभे केले जाते. त्यामुळे छिद्रावर ताण येत नाही. दुसरी, हालचालींचे प्रमाण बदलता येते. हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एकच सेंटिमीटर हलावे असे ठरविता येते. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा अतिसूक्ष्म थरथरतो. ही वारंवारता हेतुपूर्वक केलेल्या हालचालीहून जास्त असल्यामुळे ती गाळून टाकता येते. कोणत्याही आवाजातून खरखर गाळावी तसाच हा प्रकार आहे.

मात्र यात कोठेही यंत्राने निर्णय घेतलेला नाही. शल्यविशारदाने डोके बाजूला घेतले की भुजा जागच्या जागी थांबतात. रोबोट या शब्दाचा काटेकोर अर्थ लावला तर हे यंत्र त्यात बसत नाही. चापेकचा मूळ अर्थ, हुकमाचा वेठबिगार, त्याला अधिक शोभतो.

पहिले प्रयोग

या यंत्राचे हृदयावरील पहिले प्रयोग अमेरिकेत न होता युरोपात झाले, कारण तेथे परवानगी आधी मिळाली. फ्रान्समधील आलँ कार्पांतिए हे द्विदली म्हणजे मायट्रल झडपेच्या दुरुस्तीचे आद्य प्रवर्तक. त्यांनीच मे १९९८ मध्ये पॅरिस येथे यंत्राच्या प्राथमिक आवृत्तीच्या साहाय्याने या झडपेची पहिली दुरुस्ती केली. त्याच वर्षी पॅरिसमध्येच दिदिए लूल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छाती न उघडता पूर्णपणे दुर्बिणीतून बायपास केले, आणि जर्मनीतील लाइपझिग येथे फ्रीडरिश मोर यांनीही या शस्त्रक्रिया हाती घेतल्या. 'झ्यूस' नावाचे प्रतिस्पर्धी यंत्रही याच काळातील. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅनडातील लंडन या शहरात डग्लस बॉयड यांनी त्याचा वापर करून बंद छातीत, धडधडत्या हृदयावर धमनीजोडणी केली. २००३ मध्ये दा विंचीच्या कंपनीने झ्यूसची कंपनीच विलीन करून घेतली आणि पुढील अनेक वर्षे या क्षेत्रात स्पर्धा उरली नाही. यंत्राच्या किमतीवर याचा परिणाम झाला असणार, हे अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल या मध्यम आकाराच्या गावी रँडॉल्फ चिटवुड यांनी मे २००० मध्ये अशी पहिली झडपदुरुस्ती केली. त्यांनी पुढाकार घेतलेल्या चाचण्यांनंतर नोव्हेंबर २००२ मध्ये तेथील औषध नियंत्रकांनी या शस्त्रक्रियेला मान्यता दिली. धमनीजोडणीसाठीची मान्यता २००४ मध्ये आली.

झडपेची दुरुस्ती

आज या यंत्राचे हृदयातील सर्वांत स्थिरावलेले काम म्हणजे मायट्रल झडपेची दुरुस्ती होय. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त जाऊ देणारी आणि परत येऊ न देणारी ही दोन पाकळ्यांची झडप. वयोमानाने वा जन्मजात कमकुवतपणाने तिच्या पाकळ्या सैल होतात, त्यांना धरून ठेवणारे धागे लांबतात किंवा तुटतात आणि रक्त मागे गळू लागते.

रुग्णास भूल देऊन उजवे फुफ्फुस तात्पुरते मिटवितात, कारण त्याच बाजूने आत जावयाचे असते. जांघेतील धमनी आणि शीर यांत नळ्या घालून रुग्ण हृदय-फुफ्फुस यंत्रावर घेतात. उजव्या बरगड्यांमध्ये तीन-चार सेंटिमीटरचा एक छेद आणि भोवती भुजांसाठी लहान छिद्रे घेतात. महाधमनीला एका लांब चिमट्याने अटकाव करून पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय थांबवितात. यानंतर शल्यविशारद आसनावरून डावे अलिंद उघडतो, पाकळीचा सैल भाग कापतो किंवा नवे कृत्रिम धागे बसवितो आणि झडपेच्या मुळाशी एक कडे शिवतो. रुग्णाच्या शेजारी दुसरा शल्यविशारद उभा असतो. सुया आत देणे, उपकरणे बदलणे, रक्त शोषून घेणे ही कामे त्याची. छातीत कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, कारण हृदयात राहिलेल्या हवेचा बुडबुडा मेंदूकडे गेला तर अनर्थ होईल आणि हा वायू रक्तात हवेपेक्षा कितीतरी लवकर विरघळतो. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर अन्ननलिकेतून घातलेल्या ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीने झडप गळते का ते तपासतात. गळत असेल तर पुन्हा आत.

यात दोन बाबी लक्षात घ्याव्यात. हृदय-फुफ्फुस यंत्र, हृदय थांबविणे, अलिंद उघडणे, हे सर्व तसेच आहे. ज्याला 'छेद लहान' म्हणतात ती शस्त्रक्रिया आतून लहान नाही. दुसरे असे की जांघेतून उलट दिशेने रक्त पाठविले जात असल्यामुळे महाधमनीत मेद व चुना साठलेला असेल तर तो सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी सी.टी. स्कॅन करून अनेक रुग्णांना या मार्गापासून दूर ठेवावे लागते. उत्तम निकाल देणाऱ्या केंद्रांच्या यशात या निवडीचा वाटा मोठा आहे.

धमनीजोडणी

बायपास शस्त्रक्रियेचे चित्र वेगळे आहे. छातीच्या पुढच्या भिंतीच्या आतून उतरणारी डावी इंटर्नल मॅमरी धमनी सोडवून ती हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, म्हणजे रुग्णांच्याही बोलण्यात रूढ झालेल्या 'एल.ए.डी.'ला, जोडणे हा या शस्त्रक्रियेचा गाभा होय. ही जोडणी दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत चालू राहते. पायातील शीर वापरून केलेल्या जोडण्यांपैकी मात्र तेवढ्या काळात सुमारे निम्म्या बंद पडतात. मॅमरी धमनी भिंतीपासून सोडविण्याचे काम यंत्र अत्यंत सुंदर करते. वरच्या बरगड्यांपर्यंत, जेथे लहान छेदातून थेट नजर पोहोचत नाही, तेथेही. त्यामुळे यंत्राने धमनी सोडवावी आणि डाव्या बरगड्यांमधील लहान छेदातून जोडणी हाताने करावी, हा मार्ग बहुतेकांनी स्वीकारला. जोडणीही यंत्रानेच, बंद छातीत करणारे शल्यविशारद जगात थोडे आहेत. भारतीय वंशाचे डॉ. सुधीर श्रीवास्तव हे त्यांपैकी अग्रणी. त्यांनी अमेरिकेत टेक्सास व शिकागो येथे धडधडत्या हृदयावर अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या.

एकच जोडणी पुरत नसेल तर उरलेल्या धमन्यांत स्टेंट बसविणे, असा संमिश्र उपायही आहे. तर्काच्या दृष्टीने तो आकर्षक आहे : सर्वांत टिकाऊ जोडणी सर्वांत महत्त्वाच्या धमनीला मिळते आणि हाड कापावे लागत नाही.

स्पर्शाचा अभाव

खुल्या शस्त्रक्रियेत शल्यविशारद बोटाने महाधमनी चाचपतो आणि कोठे कठीण आहे ते ओळखतो. गाठ मारताना धागा किती ताणला आहे हे त्याला बोटांतून कळते. यंत्राच्या आसनावर बसलेल्या शल्यविशारदाला हे कळत नाही. त्याला दिसते, पण जाणवत नाही. गाठ मारताना ऊतक किती दबले, धागा किती ताठ झाला, हे डोळ्यांनी पाहून तो बळाचा अंदाज बांधतो. अनुभवी शल्यविशारद म्हणतात की काही काळाने डोळेच स्पर्श करू लागतात. हे खरे असावे. परंतु 'काही काळाने' या शब्दांत पुष्कळ रुग्ण सामावलेले असतात. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'दा विंची ५' या आवृत्तीत उपकरणाच्या टोकावरील बळ हाताला जाणवून देण्याची सोय प्रथमच केली गेली. चोवीस वर्षे हे यंत्र स्पर्शाविना चालले ही गोष्ट मानवी डोळ्याच्या सामर्थ्याची द्योतक आहे, तशीच अभियांत्रिकीतील या समस्येच्या काठिण्याचीही आहे.

पुरावा आणि प्रशिक्षण

लहान छेदाने रुग्ण लवकर बरा होतो, हे स्वयंस्पष्ट वाटते. म्हणूनच ते तपासणे आवश्यक ठरते. ब्रिटनमधील दहा रुग्णालयांत मायट्रल झडपेच्या ३३० रुग्णांना सोडतीने दोन गटांत विभागून, एका गटावर उरोस्थी कापून आणि दुसऱ्यावर बरगड्यांमधील लहान छेदातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या शारीरिक क्षमतेत फरक आढळला नाही. दोन्हींत सुमारे ९६ टक्के झडपा दुरुस्त करता आल्या. लहान छेदाच्या गटातील रुग्ण घरी थोडे लवकर गेले. या अभ्यासात यांत्रिक भुजा वापरलेल्या नव्हत्या, हे खरे. परंतु छेदाच्या आकाराविषयी त्याचा निष्कर्ष यंत्रालाही विचारात घ्यावा लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या अभ्यासाचा अर्थ निराशाजनक नाही. तज्ज्ञ हातांत दोन्ही मार्ग तितकेच सुरक्षित आहेत, असा तो आहे. आणि त्यातील 'तज्ज्ञ हातांत' ही अट सर्वांत महत्त्वाची आहे.

ही अट मोडली तर काय होते याचे उदाहरण इंग्लंडमध्येच घडले. न्यूकॅसल येथील एका रुग्णालयात फेब्रुवारी २०१५ मध्ये देशातील पहिली यंत्रसाहाय्यित मायट्रल दुरुस्ती झाली आणि रुग्ण दगावला. २०१८ मधील चौकशीत असे पुढे आले की शल्यविशारदाचा यंत्रावरील सराव अपुरा होता, मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्यापूर्वीच निघून गेले होते आणि रक्त उडाल्याने कॅमेऱ्याचे दृश्य अस्पष्ट झाले होते. नेहमीच्या खुल्या शस्त्रक्रियेने हा रुग्ण बहुधा वाचला असता, असे चौकशीत नमूद झाले. यंत्र बिघडले नव्हते. शल्यविशारद खुल्या शस्त्रक्रियेत अननुभवी नव्हता. मात्र एका मार्गावरचे कौशल्य दुसऱ्या मार्गावर आपोआप येत नाही. मराठीत चांगले लिहिणाऱ्यास संस्कृतात लिहिता येईलच असे नाही, तसे हे आहे. फक्त येथे चुकीची किंमत लिहिणारा मोजत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात हे तंत्र लवकर आले. दिल्लीच्या एस्कॉर्ट्स हृदयसंस्थेत डॉ. नरेश त्रेहान यांच्या नेतृत्वाखाली २००२ मध्ये ते सुरू झाले, म्हणजे युरोपातील पहिल्या प्रयोगानंतर चारच वर्षांनी. तरीही दोन दशकांनंतर हृदयाच्या बाबतीत त्याचा प्रसार मर्यादित राहिला, आणि मूत्रसंस्था व स्त्रीरोग यांच्या शस्त्रक्रियांनी त्याला मागे टाकले. याचे कारण केवळ खर्चात शोधणे अपुरे होईल.

पाश्चात्त्य देशांत झडपेचा रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा, सैल पाकळ्यांचा असतो. आपल्याकडे मोठा वर्ग संधिवाताभ ज्वराच्या रुग्णांचा आहे. बालपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, तो वेळीच पेनिसिलिनने बरा केला नाही तर काही मुलांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात, धागे आखडतात. दाट वस्तीत, गरिबीत वाढलेल्या तरुण रुग्णांचा हा आजार आहे आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. अशी झडप दुरुस्तीस अवघड असते. पाकळ्या फार खराब नसतील तर जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात आणलेल्या फुग्याने, जांघेतून, छातीला हात न लावता ती उघडता येते. खराब असतील तर बदलावी लागते. या रुग्णांसाठी भारतीय विज्ञानाने केलेले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली कृत्रिम झडप हे उत्तर द्यावे लागेल. ती प्रथम डिसेंबर १९९० मध्ये बसविली गेली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांत बसली. तिच्याविषयी मथळे क्वचितच आले.

धमनीविकाराचेही तसेच आहे. आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण, पुष्कळदा मधुमेही. धमन्या बारीक आणि आजार एका जागी न राहता अनेक धमन्यांत पसरलेला. अशा रुग्णाला तीन-चार जोडण्या लागतात, आणि यंत्र सर्वांत सोपेपणाने देते ती एक. येथे एक विसंगती दिसते. उरोस्थीतील जंतुसंसर्गाची भीती मधुमेह्याला सर्वाधिक, म्हणजे हाड न कापण्याचा लाभही त्यालाच सर्वाधिक. परंतु त्याच्या धमन्यांची अवस्था या मार्गाला सर्वांत कमी अनुकूल.

खर्चाविषयी थोडक्यात. परदेशी यंत्राची किंमत दहा कोटी रुपयांच्या घरात जाते, देखभाल वेगळी. उपकरणांत मोजणी करणारी चकती असते आणि ठरावीक वेळा वापरल्यावर यंत्र ते उपकरण स्वीकारीत नाही. आरोग्यविमा घेतलेल्या सहकाऱ्यांसाठी एक माहिती उपयुक्त ठरेल. विमा नियामकाच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार यंत्रसाहाय्यित शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही; मात्र तिच्यावर वेगळी कमाल मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. ही मर्यादा पॉलिसीच्या कागदात आत कोठे तरी लिहिलेली असते, आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी ती वाचलेली बरी. सही करण्यापूर्वी शल्यविशारदास विचारावयाचे प्रश्न मात्र पैशांचे नाहीत. हीच शस्त्रक्रिया आपण या यंत्रावर किती वेळा केली आहे, किती वेळा मध्येच छाती उघडावी लागली, आणि खुल्या पद्धतीने केली असती तर माझ्या हृदयावर याहून अधिक काही करता आले असते का? चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी दुखावत नाही.

डॉ. श्रीवास्तव भारतात परतल्यावर त्यांच्या गुरुग्राम येथील कंपनीने 'एस.एस.आय. मंत्र' हे देशी यंत्र तयार केले. त्याला २०२२ मध्ये भारतीय नियामकाची मान्यता मिळाली आणि परदेशी यंत्रापेक्षा ते बरेच स्वस्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बसून सुमारे २८६ किलोमीटरवरील जयपूरच्या रुग्णाची मॅमरी धमनी सोडविण्यात आली. कंपनीने जाहीर केल्यानुसार हात हलणे आणि पडद्यावर त्याचा परिणाम दिसणे यांत ३५ ते ४० मिलिसेकंदांचे अंतर होते. प्रकाशतंतूतून एवढे अंतर जाऊन येण्यास संकेताला तीनेक मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ चित्र संकेतबद्ध करण्यात आणि उलगडण्यात जातो. सप्टेंबर २००१ मध्ये झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमधून स्ट्रासबूर्गच्या रुग्णाचे पित्ताशय झ्यूस यंत्राने काढले तेव्हा हेच अंतर सुमारे १५५ मिलिसेकंद होते.

या घटनेनंतर आता तालुक्याच्या गावी हृदयशस्त्रक्रिया होईल, असे पुष्कळांनी लिहिले. येथे पुन्हा त्या शब्दाने घात केला. जयपूरच्या शस्त्रक्रियागृहात रुग्णाजवळ भूलतज्ज्ञ होते, उपकरणे बदलणारा चमू होता; अतिदक्षता विभाग सज्ज होता. भुजा थांबल्या, रक्तस्राव झाला किंवा जोडणी तुटली, तर काही मिनिटांत उरोस्थी उघडून हृदय हातात घेणारा माणूस रुग्णाच्या शेजारीच असावा लागतो. ज्या गावी असा शल्यविशारद आणि असा चमू आहे, तेथे खुली शस्त्रक्रिया आजही होऊ शकते. जेथे तो नाही, तेथे गुरुग्रामहून हलणाऱ्या भुजेचा उपयोग नाही.